शियामेनच्या पाट्या

प्रस्तावना

नव्या गावी गेल्यावर आपण प्रथम काय पाहतो? देऊळ, समुद्र, बाजार, किल्ला, असे उत्तर आपण देऊ. प्रत्यक्षात आपली नजर आधी पाट्यांकडे जाते. स्थानकाचे नाव, बसचा मार्ग, ‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’, ‘आत’ आणि ‘बाहेर’ एवढे वाचता आले, की मगच आपण निश्चिंत मनाने इकडेतिकडे पाहू लागतो. ज्याला हे वाचता येत नाही, त्याचा प्रवास कसा होत असेल?

प्रस्तुत पाठ हे एक प्रवासवर्णन आहे. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील शियामेन या बेटावर वसलेल्या शहरात एका निवृत्त शिक्षिकेने घालवलेल्या तीन दिवसांची ही हकीकत आहे. लेखिका इंदूरच्या रहिवासी असून त्यांनी अनेक वर्षे प्रौढ साक्षरता वर्ग चालवले. पाठ वाचताना तेथील प्रेक्षणीय स्थळांची माहिती लक्षात घ्या; त्याबरोबरच इंदूरच्या वर्गातील एका आजींची आठवण लेखिकेला कोणकोणत्या प्रसंगी होते, तिकडेही लक्ष द्या.

मूळ पाठ

माझ्या भाच्याचा ग्रॅनाइटचा व्यवसाय आहे. शियामेन येथे दरवर्षी दगडांच्या व्यापाराचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते. २०१९ च्या मार्च महिन्यात तो तिकडे जायला निघाला, तेव्हा मला म्हणाला, “मावशी, तूही चल. मी दिवसभर प्रदर्शनात अडकलेला असेन, पण शहर शांत आहे. तुझी तू हिंड.” मला निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. मी फार विचार न करता होकार दिला.

हाँगकाँगमार्गे आम्ही तेथे पोहोचलो. शियामेन हे फुजियान प्रांतातील शहर. कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेस आणि तैवानच्या सामुद्रधुनीच्या काठी ते वसलेले आहे. जुने शहर संपूर्णपणे बेटावर असून १९५५ साली समुद्रात दगडी बांध घालून ते प्रथम मुख्य भूमीला जोडले गेले. आता पूल, समुद्राखालचा बोगदा आणि मेट्रो रेल्वे अशी सारी साधने आहेत. बगळ्यांचे बेट असे त्याचे लाडके नाव आहे. बगळा हा शहराचा पक्षी, बोगनवेल हे शहराचे फूल आणि गुलमोहर हा शहराचा वृक्ष. गुलमोहराला फुलायला अद्याप अवकाश होता. बोगनवेल मात्र उड्डाणपुलांच्या कठड्यांवरून ओसंडत होती. इतक्या दूर येऊन आपल्या अंगणातली झाडे भेटली, म्हणून मला हायसे वाटले.

हे हायसे वाटणे हॉटेलच्या दारापर्यंतच टिकले. रस्त्यावर पाऊल टाकले आणि ध्यानात आले, की मला काहीही वाचता येत नाही. मोठ्या रस्त्यांची नावे कोठे कोठे रोमन अक्षरांत होती, पण दुकाने, बसचे मार्ग, खाणावळींचे फलक, औषधांच्या बाटल्या, सगळे चिनी चिन्हांत. मोबाईलवर भाषांतराची जी सोय मी भरवशाने घेऊन गेले होते, ती तेथे चाललीच नाही. पन्नासहून अधिक वर्षे मी वाचत आले. मला दिसेल ते वाचण्याची सवय आहे. पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. त्या शहरात माझ्या चहूबाजूंनी अक्षरे होती आणि त्यांपैकी एकही माझ्याशी बोलत नव्हते.

तेव्हा मला आमच्या वर्गातल्या आजी आठवल्या. त्या खानदेशातून कामासाठी इंदूरला आलेल्या. वर्गात आल्या तेव्हा साठीच्या होत्या. चार घरची धुणीभांडी आटोपून त्या बसने वर्गाला येत. बसची पाटी वाचता येत नसल्यामुळे त्या कनवटीला सात चिंचोके बाळगीत. प्रत्येक थांब्याला एक चिंचोका या मुठीतून त्या मुठीत. सातवा गेला, की उतरायचे. एके दिवशी रस्त्याचे काम चालू असल्याने बस दोन थांबे सोडून पुढे गेली. आजी भलतीकडे उतरल्या आणि वर्ग संपता संपता घामाघूम होऊन पोहोचल्या. मी सर्वांसमोर म्हणाले, “आजी, पाटी वाचायची ना!” त्या शांतपणे म्हणाल्या, “पाटी वाचता आली असती, तर तुमच्याकडे कशाला आले असते, बाई?” त्यानंतर चार दिवस त्या आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या, शिकल्या, वाचू लागल्या. मी त्या दिवसाविषयी त्यांच्याशी कधी बोलले नाही.

पहिल्या संध्याकाळी भाच्याने त्याच्या दुभाषी तरुणीला सोबत घेतले आणि आम्ही प्रदर्शनाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. लाटा संथ होत्या. धूसर क्षितिजावर बेटांची रेघ दिसत होती. ती किनमन बेटे. त्यांच्यावर तैवानचे शासन आहे. अंतर अवघे काही किलोमीटर. १९५८ साली या किनाऱ्यावरून त्या बेटांवर तोफांचा भयंकर मारा झाला. पुढे पुढे एक दिवसाआड गोळे टाकण्याचा विचित्र प्रघात पडला आणि तो १ जानेवारी १९७९ रोजी थांबला. किनमनच्या लोहारांनी त्या गोळ्यांच्या पोलादापासून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घडवल्या. आजही त्या प्रसिद्ध आहेत. २००१ पासून दोन्ही किनाऱ्यांमध्ये प्रवासी बोटी सुरू झाल्या. किनाऱ्यावर माणसाहून कितीतरी उंच अशी लाल चिन्हे समुद्राकडे तोंड करून उभी होती. मला ती एखाद्या मालाची जाहिरात वाटली. दुभाषी तरुणीने अर्थ सांगितला: ‘एक देश, दोन व्यवस्था, चीनचे एकीकरण.’ ज्या फलकापुढे लोक गंभीरपणे थांबत होते, त्याच्यापुढे मी हसऱ्या चेहऱ्याने छायाचित्र काढून घेतले होते!

त्याच रात्री तिने मला तीन चिन्हे शिकवली. तीन बाजूंची चौकट आणि वरच्या कोपऱ्यात एक ठिपका, हे ‘मेन’, म्हणजे दार. शियामेन या नावाच्या शेवटी हेच दार आहे. चौकोन आणि त्याच्या मधोमध वरून खाली गेलेली रेघ, हे ‘झोंग’, म्हणजे मध्य. तीन उभ्या रेघा, मधली उंच, आणि खाली त्यांना जोडणारी आडवी रेघ, हे ‘शान’, म्हणजे डोंगर. झोंग आणि शान एकत्र आले, की झोंगशान होते. आधुनिक चीनचे नेते सन यत्-सेन या नावाने तेथे ओळखले जातात आणि शहराच्या जुन्या बाजारपेठेच्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रस्त्याच्या तोंडाशी पाटी दिसली आणि मी ती वाचली. रस्त्यातच थांबले. पहिल्यांदा स्वतःचे नाव वाचणाऱ्या बायका माझ्या वर्गात ज्या हसू लागत, तशी मी एकटीच हसले.

झोंगशान रस्त्यावरील घरांचे वरचे मजले पदपथावर पुढे आलेले आहेत. पावसाउन्हात माणूस त्यांच्या सावलीतून चालत जातो. सिंगापूर आणि मलेशियात गेलेल्या येथल्या लोकांनी तिकडे केलेली कमाई, तिकडची घरांची घडण आणि तिकडचे मसालेही परत आणले. शाचा नावाच्या झणझणीत रश्शातील शेवया येथे आवडीने खातात. तो शब्द मलाया भागातल्या ‘साते’वरून आलेला. मी शाकाहारी असल्याने गोड, दाट शेंगदाण्याच्या सूपवर समाधान मानले. ते इतके चांगले होते, की तीन दिवसांत चार वेळा घेतले.

एका चहाच्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदाराने अंगठ्याएवढ्या पेल्यात चहा ओतून दिला आणि पेल्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, “ते.” मी म्हणाले, “चहा.” तो मान हलवून म्हणाला, “छा,” आणि पुन्हा, “ते.” चिनी लिपीत चहाचे चिन्ह एकच, पण बहुतेक चीनमध्ये त्याचा उच्चार ‘छा’ आणि या किनाऱ्यावरच्या बोलीत ‘ते’. ‘छा’ खुष्कीच्या मार्गाने इराणात आणि पोर्तुगीज जहाजांतून दूरवर गेला. आपला ‘चहा’ त्याच घराण्यातला. डच व्यापाऱ्यांनी येथल्या लोकांकडून ‘ते’ उचलला आणि त्याचाच पुढे इंग्रजीत ‘टी’ झाला. एका पेल्यावर इतके भाषाशास्त्र मी पूर्वी प्यायले नव्हते.

तेथून मी नानपुतुओ मंदिरात गेले. पाच शिखरांच्या डोंगराच्या पायथ्याशी, कमळांच्या तळ्यामागे ते उभे आहे. ते गुआनयिन या करुणामूर्तीचे स्थान आहे. गुआनयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. चीनमध्ये त्याला पुढे स्त्रीरूप प्राप्त झाले. ‘पुतुओ’ हा शब्दही आपलाच. अवलोकितेश्वराचे निवासस्थान दक्षिण भारतातील पोतलक पर्वतावर आहे, असे बौद्ध ग्रंथ सांगतात. त्या पोतलकावरून चीनच्या झेजियांग प्रांतातील बेटाला पुतुओ हे नाव मिळाले आणि त्याच्या दक्षिणेचे म्हणून हे ‘दक्षिण पुतुओ’. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत अवलोकितेश्वर भक्तांना संकटांतून सोडवत असल्याचा एक शिल्पपट आहे. त्यातील एक संकट बुडत्या जहाजाचे. शियामेनच्या मंदिरातही खलाशांच्या आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच मागितले असणार. मंदिरामागच्या खडकावर दोन माणसांइतके उंच सोनेरी चिन्ह कोरले आहे. एका लहान मुलीने ते आपल्या आजीला मोठ्याने वाचून दाखवले: “फो.” बुद्ध.

शेजारीच शियामेन विद्यापीठ आहे. त्या वेळी प्रवाशांना ठराविक वेळातच आत सोडत आणि रांग फार लांब होती. म्हणून मी ते बाहेरूनच पाहिले. हे विद्यापीठ १९२१ साली तान का की यांनी स्थापन केले. चीनमध्ये अन्यत्र त्यांना चेन जियागेंग म्हणतात. ते १८७४ साली शियामेनजवळच्या जिमेई गावी जन्मले, सतराव्या वर्षाच्या सुमारास सिंगापूरला वडिलांच्या तांदळाच्या दुकानात गेले आणि पुढे अननस व रबर यांच्या व्यापारात मोठे धनिक झाले. गावी त्यांनी १९१३ साली शाळा काढली, मग विद्यापीठ. जागतिक मंदीच्या तडाख्यात १९३४ साली त्यांची कंपनी बंद पडली, तरी १९३७ साली सरकारकडे सोपवीपर्यंत विद्यापीठाचा खर्च त्यांनी चालू ठेवला. त्यासाठी त्यांनी आपले बंगले विकले, असे तेथे आजही सांगतात. इमारतींची धाटणी मोठी गमतीची आहे. भिंती पाश्चात्त्य वळणाच्या, दगडी. त्यांवर टोके उचललेली चिनी छपरे. ‘सूट घालून डोक्यावर बांबूची टोपी’ असे लोक त्यांचे वर्णन करतात. चिनी लेखक लू शुन यांनी येथे १९२६-२७ मध्ये काही महिने शिकवले होते.

परतताना मी बसमध्ये चढले. बसचे आकडे आपल्यासारखेच लिहितात, त्यामुळे क्रमांक बरोबर होता. सकाळी येताना मोजलेले नऊ थांबे लक्षात होते. पर्समधून नऊ नाणी काढून मी मुठीत घेतली आणि प्रत्येक थांब्याला एकेक नाणे दुसऱ्या मुठीत टाकू लागले. आपण काय करत आहोत, हे सहाव्या नाण्याला माझ्या ध्यानात आले. नवव्या नाण्याला उतरले, तर समोर ओळखीचे काहीच नव्हते. मी बरोबर क्रमांकाच्या बसमध्ये, पण उलट दिशेने बसले होते. दिशा पाटीवर लिहिलेली होती.

संध्याकाळ होत आली होती. हॉटेलचे नाव चिनी चिन्हांत लिहिलेले कार्ड मी रस्ता झाडणाऱ्या एका वयस्क बाईपुढे धरले. तिने ते हातात घेतले, दूर धरून पाहिले, उलटे केले आणि कसनुसे हसली. तिला वाचता येत नव्हते, की चष्मा जवळ नव्हता, कोण जाणे. आम्ही दोघी त्या कागदाच्या तुकड्याकडे पाहत क्षणभर उभ्या राहिलो. मग तिने झाडू भिंतीला टेकवला, माझे मनगट धरले आणि रस्त्यापलीकडे नेऊन शाळेच्या गणवेशातील एका मुलीला हाक मारली. मुलीने कार्ड मोठ्याने वाचले. त्या बाईने ते ऐकले, “हां, हां” असे काहीसे म्हणत मला योग्य थांब्यावर नेले आणि बस आल्यावर चालकालाही तेच नाव सांगितले.

तिसऱ्या दिवशी दुभाषी तरुणी माझ्यासोबत गुलांग्यू बेटावर आली. पारपत्र दाखवून तिकीट मिळते आणि रोज किती प्रवासी सोडायचे यालाही मर्यादा आहे. बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे. ‘गुलांग’ म्हणजे नगाऱ्यासारख्या वाजणाऱ्या लाटा. किनाऱ्यावरच्या पोकळ खडकात पाणी शिरून तसा नाद होत असे. येथे मोटारींना बंदी आहे. सामान हातगाड्यांवरून ओढून नेतात. त्यामुळे पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात आणि मधूनच एखाद्या घरातून पियानोचे सूर. मिशनऱ्यांसोबत आलेले हे वाद्य घरोघरी इतके रुळले, की हे पियानोंचे बेट म्हणून ओळखले जाऊ लागले. २००० साली येथे पियानोंचे संग्रहालयही उघडले. ते ज्या शुझुआंग बागेत आहे, ती १९१३ साली लिन एरजिया यांनी बांधली. १८९५ साली तैवान जपानकडे गेल्यावर त्यांचे कुटुंब तेथून निघून आले होते. बागेच्या दारात उभे राहिले, तर समोर फक्त भिंत दिसते. वळसा घेतला, की अचानक सगळा समुद्र! सूर्यप्रकाश-शिळा हे बेटावरचे सर्वोच्च टोक, सुमारे ९३ मीटर. माझ्या गुडघ्यांनी निम्म्यावर नकार दिला.

जुन्या वकिलातींची प्रशस्त घरे पाहताना मात्र मन प्रसन्न राहत नाही. १८४१ साली, अफूच्या युद्धात, इंग्रजांनी हे शहर घेतले. तेव्हा परकीय त्याला अमोय म्हणत. १८४२ च्या नानजिंग तहाने जी पाच बंदरे परकीय व्यापारासाठी खुली करावी लागली, त्यांत हे एक होते. चीनमध्ये उतरवलेल्या अफूचा मोठा भाग आमच्या माळव्यात पिकून मुंबई बंदरातून गेलेला होता. इंदूरच्या माणसाला ही गोष्ट तेथे उभे राहून आठवणे सुखाचे नाही. १९०३ पासून गुलांग्यूचा कारभार परकीयांचे वर्चस्व असलेल्या मंडळाकडे होता आणि त्याच्या पोलीस दलात शीख शिपाई होते. २०१७ साली बेटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

“तुम्हाला एक माणूस दाखवायचा आहे,” असे म्हणत ती तरुणी मला एका पुतळ्यापाशी घेऊन गेली. हे लू झुआंगझांग (१८५४-१९२८), याच परिसरातले. राजपरीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले आणि सिंगापूरला जाऊन इंग्रजी शिकून परत आले. अमोयमधील मिशनऱ्यांनी १८५० च्या सुमारास येथली बोली रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत सुरू केली होती. हजारो चिन्हे पाठ न करता साध्या स्त्रियाही तिच्यामुळे वाचू लागल्या होत्या. लू यांनी तिच्यावर विचार करून स्वतःची ध्वनिचिन्हे तयार केली आणि १८९२ साली शियामेनमध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. आवाजावरून शब्द लिहिण्याची चिनी माणसाने तयार केलेली ही पहिली पद्धत मानली जाते. चिन्हे घोकण्यात जाणारी वर्षे वाचली, तर ती गणित आणि विज्ञान शिकण्यात घालवता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची चिन्हे सरकारने स्वीकारली नाहीत. १९५८ साली मान्य झालेली रोमन अक्षरांची पद्धत वेगळी आहे. आज चिनी मुले तिच्या आधाराने चिन्हांचे उच्चार शिकतात. जुनी चिन्हे मात्र जागच्या जागी आहेत.

“तुझ्या आजीला वाचता येते?” मी विचारले.

“थोडे थोडे,” ती म्हणाली. “बसची पाटी येते.”

हुलिशानचा किल्ला आणि तेथली क्रुप कारखान्याची प्रचंड तोफ पाहायची राहिली. जिमेईलाही जाता आले नाही. निघण्याआधी मी लहान मुलांची एक चौकटीची वही विकत घेतली. एका चौकटीत एक चिन्ह, अशा सरावासाठी ती असते. विमानात मी त्यात दार, मध्य आणि डोंगर काढत बसले.

इंदूरला आल्यावर वही घेऊन आजींच्या घरी गेले. आता त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. बसमध्ये चुकल्याची, नऊ नाण्यांची हकीकत मी त्यांना सांगितली आणि त्या जुन्या दिवसाचीही. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी वहीची पाने उलटली आणि डोंगरावर बोट ठेवले.

“हा तर त्रिशूळ,” त्या म्हणाल्या. “पण बाई, मधली रेघ आखूड झाली तुमची. पुन्हा काढा.”

पाठावरील प्रश्न

१. लेखिकेला झोंगशान रस्त्याची पाटी वाचता आली, तो प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा.

२. आजींचे चिंचोके आणि लेखिकेची नाणी यांत साम्य कोणते व फरक कोणता?

३. ‘चहा’ आणि ‘टी’ हे शब्द एकाच चिन्हापासून कसे आले, ते पाठाच्या आधारे सांगा.

४. तान का की आणि लू झुआंगझांग या दोघांपैकी कोणाचे कार्य तुम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते? का?

५. ‘एकही अक्षर माझ्याशी बोलत नव्हते’ यासारखी, निर्जीव वस्तू बोलते अशी कल्पना असलेली दोन वाक्ये तयार करा.

उपक्रम: घरापासून अभ्यासकेंद्रापर्यंतच्या रस्त्यावर तुम्हाला दिसणाऱ्या पाट्यांची नोंद करा. त्या कोणकोणत्या लिपींत आहेत, ते लिहा. तुम्हाला न वाचता येणारी एखादी पाटी असल्यास ती वाचू शकणाऱ्या व्यक्तीकडून समजून घ्या.